सहा खान्यांत न मावणारा माणूस

दरवर्षी पहिली टर्म संपत आली की आपल्या नोटीस बोर्डावर एक नोटीस लागते. 'आविष्कार' संशोधन स्पर्धेची. आपल्यापैकी निम्मे लोक ती वाचत नाहीत आणि उरलेले फक्त ड्यूटी लीव्ह मिळेल का एवढंच बघतात. मीही त्यातलाच. पण मागच्या वेळी रूम पार्टनरचं मॉडेल उचलायला माणूस हवा होता म्हणून गेलो, आणि तिथे एक गंमत बघितली.

'आविष्कार'मध्ये सहा गट असतात. मानव्यविद्या, भाषा आणि ललित कला हा एक. वाणिज्य, व्यवस्थापन आणि विधी हा दुसरा. मग मूलभूत विज्ञान, शेती आणि पशुसंवर्धन, अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञान, आणि शेवटी वैद्यक आणि औषधनिर्माण. एकाच हॉलमध्ये भाताच्या रोगाचं पोस्टर, त्याला लागून लोकगीतांचं पोस्टर, पलीकडे काँक्रीटचे क्यूब आणि त्याच्या बाजूला गोळ्यांवरचं कोटिंग! प्रत्येक जण आपापल्या पोस्टरपाशी उभा. शेजारच्या पोस्टरवर काय आहे हे कुणालाच ठाऊक नाही, आणि विचारायची गरजही वाटत नव्हती. मला प्रश्न पडला की ह्या सगळ्यांना विद्यापीठ एकच नाव देतं, संशोधन. मग ह्यांच्यात सारखं आहे तरी काय?

परत आल्यावर हा प्रश्न मी आपल्या ग्रंथपाल सरांना विचारला. सर हसले, आत गेले आणि धूळ झटकत एक जाड पुस्तक घेऊन आले. म्हणाले, ह्या माणसाला सहापैकी कुठल्या गटात बसवशील ते सांग, मग तुझ्या प्रश्नाचं बघू. पुस्तकावर नाव होतं दामोदर धर्मानंद कोसंबी.

खरं सांगायचं तर तोपर्यंत हे नाव मी फक्त स्पर्धा परीक्षावाल्या मुलांच्या तोंडून ऐकलं होतं. इतिहासकार, एवढंच. पुढचे दोन महिने मी सबमिशनचा बोजवारा उडवून ह्या माणसाच्या मागे लागलो. त्यातून जे हाती आलं ते तुमच्यापुढे ठेवतोय.

सुरुवात वडिलांपासून केली पाहिजे. धर्मानंद कोसंबी मूळ गोव्याचे. शाळा फारशी झालेली नाही, पण बुद्धाबद्दल वाचून असे झपाटले की १८९९ साली घरदार सोडून निघाले. पुणं, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असं करत करत सिलोनला पोचले, तिथे पाली शिकले आणि भिक्षू झाले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालीचे प्राध्यापक झाले आणि अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना पाली ग्रंथांच्या संपादनासाठी बोलावून घेतलं. सेमिस्टर सुरू होऊन आठ दिवस झाले तरी घरून निघायला टाळाटाळ करणारे आपण! ह्या माणसाने शिकायला म्हणून अर्धा आशिया पालथा घातला.

त्यांचा मुलगा दामोदर ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात जन्मला. थोडं शिक्षण पुण्यात झालं आणि १९१८ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तो वडिलांबरोबर अमेरिकेला गेला. तिथल्या शाळेत शिकला आणि पुढे हार्वर्डला. १९२९ मध्ये तिथली पदवी उत्तम रीतीने मिळवली. गणित तर होतंच, पण ग्रीक, लॅटिन, जर्मन, फ्रेंच, इटालियन अशा भाषाही त्याने आत्मसात केल्या. डॉक्टरेट मात्र कधीच केली नाही. हो, ज्यांच्या नावावर आज लोक पीएच.डी. करतात, त्यांच्या स्वतःच्या नावापुढे ती पदवी नव्हती. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

भारतात आल्यावर आधी बनारस हिंदू विद्यापीठात शिकवलं, मग अलीगढला. अलीगढला गणित विभागाचे प्रमुख होते आंद्रे वेय नावाचे तरुण फ्रेंच गणितज्ञ. ते पुढे विसाव्या शतकातल्या मोठ्या गणितज्ञांत गणले गेले. ह्या दोघांनी मिळून केलेला एक उद्योग हॉस्टेलच्या मुलांना कळलाच पाहिजे. १९३१ साली कोसंबींनी वेय यांच्या सांगण्यावरून एक शोधनिबंध छापला. त्यात बुर्बाकी नावाच्या कुणा रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचा विस्तार केला होता. आता हा बुर्बाकी जगात कुठेच नव्हता! शुद्ध थाप. पण पुढे फ्रान्समध्ये वेय आणि त्यांच्या मित्रांनी जो गट काढला, त्याने हेच नाव घेतलं आणि बुर्बाकी ह्या नावाने अख्खं आधुनिक गणित नव्याने लिहून काढलं. ते नाव शोधनिबंधात पहिल्यांदा छापलं गेलं ते आपल्या देशात, एका मराठी माणसाच्या हातून. व्हायवाला खोटे संदर्भ देणाऱ्यांनी ह्यातून भलता धडा घेऊ नये. कोसंबींचं बाकीचं गणित शंभर नंबरी होतं.

१९३३ मध्ये ते फर्ग्युसनमध्ये आले आणि बारा वर्षं तिथे गणित शिकवलं. ह्याच बारा वर्षांत खरी मजा आहे. ते भूमितीत काम करत होते. त्यातल्या एका सिद्धांताला आजही कोसंबी, कार्टान आणि चर्न अशी तीन नावं जोडून ओळखतात. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळालं. इथपर्यंत सगळं एका खान्यात, मूलभूत विज्ञान. पण मग त्यांनी संख्याशास्त्र हातात घेतलं आणि खाने मोडायला लागले.

पहिलं उदाहरण आपल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी. फूरियर आपल्या सगळ्यांच्या मानगुटीवर बसलेला आहे. कुठलाही सिग्नल घ्या, साइन-कोसाइनच्या तुकड्यांत तोडा. पण हे तुकडे आधीच ठरलेले असतात, सिग्नल कसलाही असो. समजा सिग्नलमध्ये यदृच्छा आहे, म्हणजे दर वेळी थोडा वेगळा येतो. मग त्या सिग्नललाच विचारून त्याला शोभतील असे तुकडे काढता येतील का, की ज्यातल्या पहिल्या चार-पाचांतच बहुतेक सगळं मावेल? कोसंबींनी १९४३ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात ह्याचं उत्तर छापलं. काही वर्षांनी कार्हुनेन आणि लोएव्ह ह्या दोघांनी स्वतंत्रपणे तेच मांडलं आणि पाठ्यपुस्तकांत त्या दोघांचंच नाव बसलं. आज चित्र कमी जागेत साठवणं, चेहरा ओळखणं, आवाजातली खरखर काढणं ह्या सगळ्यामागे हा विचार आहे. आता कुठे कुठे कोसंबींचंही नाव त्या प्रमेयाला जोडतात. आपल्या पुस्तकात नसलं तर पेनाने लिहून ठेवा.

दुसरं उदाहरण त्याच्या लगेच पुढचं, १९४४ चं, आणि ते थेट शेतीच्या गटातलं. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत हे कसं मोजायचं? पट्टी तर लावता येत नाही. मग पुढच्या पिढीत ती दोन किती वेळा एकमेकांपासून सुटी झाली ते मोजतात. पण ह्यात एक घोळ आहे. मधल्या जागेत दोनदा अदलाबदल झाली तर दोन्ही जनुकं पुन्हा एकत्र येतात आणि आपल्याला वाटतं की काही झालंच नाही. शिवाय एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या आसपास दुसरी सहसा होत नाही. हॉल्डेनच्या आधीच्या सूत्रात हा अडथळा धरलेला नव्हता. कोसंबींनी तो धरला. समजा शंभरातली २० संततं सुटी झालेली दिसली. हॉल्डेनच्या सूत्राने अंतर साधारण २५.५ येतं, कोसंबींच्या सूत्राने २१.२. शोधनिबंध जेमतेम चार पानांचा. पण आज भात, गहू कशाचाही जनुकीय नकाशा काढायचा असला की संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये कोसंबी नावाचा पर्याय असतोच. तो निवडणाऱ्या कित्येकांना हा माणूस इतिहासकारही होता ह्याची कल्पना नसते, आणि इतिहासवाल्यांना हे सूत्र माहीत नसतं!

आता तिसरं उदाहरण, आणि इथे मला जरा घरचं सांगावं लागेल.

माझं घर नारपोलीला, भिवंडीत. नारपोली म्हटलं की लोकांना गोडाऊन, ट्रक आणि खड्डे आठवतात. मला आठवतो तो लूमचा खटखटाट. माझा जन्मच त्या आवाजात झाला. रात्री लूम बंद पडले की आम्हाला जाग येते, अशी आमची तऱ्हा. बाबांचा एक गाळा आहे, त्यात जुने शटलवाले लूम. ह्या लूममध्ये उभ्या धाग्यांच्या मधून लाकडी धोटा इकडून तिकडे पळतो आणि आडवा धागा टाकतो. दिवसभर हजारो वेळा. पळून पळून धोटा झिजतो. बाबा धोटा नुसता हातात घेऊन सांगतात की हा आणखी किती दिवस चालेल. मी लहानपणापासून हे बघत आलोय आणि त्यात काही शास्त्र असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

कोसंबींनी नेमकं हेच नाण्यांचं केलं. तक्षशिलेच्या उत्खननात चांदीच्या आहत नाण्यांचे साठे सापडले होते. ही नाणी बुद्धाच्या, मौर्यांच्या काळातली. त्यांच्यावर राजाचं नाव नाही, साल नाही. पुढच्या बाजूला पाच ठसे आणि मागच्या बाजूला बारीक बारीक खुणा, बस्स. कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं, कसं ठरवायचं? कोसंबींनी विचार केला तो असा. नाणं टाकसाळीतून बाहेर पडतं तेव्हा ठरावीक वजनाचं असतं. मग ते हातोहात फिरतं आणि दर व्यवहारात कणभर झिजतं. म्हणजे जितकं जास्त फिरलं तितकं हलकं. शिवाय सगळी नाणी सारखी फिरत नाहीत, कुठलं गाठोड्यात पडून राहतं, कुठलं बाजारात धावतं. म्हणून जसजसा काळ जातो तसतसं सरासरी वजन घटतं आणि वजनांतला फरक वाढत जातो. मीन आणि व्हेरियन्स, एम-३ मधलेच!

पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. जुन्या नाण्यांवर हा नियम लावण्याआधी त्यांनी आपल्या काळातली चालू नाणी तोलली. त्यांच्यावर साल छापलेलं असतं, त्यामुळे किती वर्षांत किती झीज हे थेट ताडून पाहता येतं. आधुनिक नाण्यांनी नियमाची साक्ष दिली आणि मगच ते दोन हजार वर्षं मागे गेले. हजारो नाणी तराजूत घातली. मागच्या बाजूच्या खुणा जितक्या जास्त, तितकं नाणं हलकं, हे दिसून आलं. म्हणजे त्या खुणा व्यापाऱ्यांनी किंवा सराफांनी वेळोवेळी तपासून मारलेल्या असणार. अशा रीतीने ज्या नाण्यांवर एकही अक्षर नव्हतं, त्यांची वंशावळ लागायला लागली. हा वाणिज्य गट की इतिहास की विज्ञान, तुम्हीच ठरवा.

हे वाचलं आणि मला राहवेना. त्याच वेळी घरी दुसरी गोष्ट चालू होती. बाबांनी लूम विकायचं ठरवलं होतं. भिवंडीतले किती तरी जुने लूम अलीकडे भंगारात गेले. धंद्यात राम राहिला नाही, सूत महाग, वीज महाग, आणि नव्या मशीनपुढे शटलचा लूम टिकत नाही. भंगारवाला किलोने भाव करतो. ज्या लूमवर माझी फी निघाली तो लूम किलोच्या भावाने! मी सुट्टीत घरी गेलो आणि म्हटलं, निदान धोटे तरी मला तोलू द्या. पंचवीसेक धोटे होते. शेजारच्या किराणावाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा रात्री मागून आणला आणि आई जेवायला बोलावत असताना मी आणि धाकटी बहीण वजनं लिहीत बसलो.

निकाल सांगतो. पूर्ण फसलो. आलेखावर नुसते ठिपके, रेषा नाहीच. कुठला धोटा कधी विकत आणला ह्याची नोंद कुणाकडेच नव्हती. सगळे एका लाकडाचे नव्हते, काहींची टोकं मध्येच बदललेली. तेव्हा मला कळलं की कोसंबींनी आधी साल छापलेली नाणी का तोलली. मी ती पायरीच गाळली होती. पुस्तकात वाचताना ती एक ओळ वाटते. हाताने फसल्यावर कळतं की सगळं संशोधन त्या एका ओळीत आहे. बाबा बाजूला बसून हे सगळं बघत होते. त्यांनी एक एक धोटा हातात घेतला आणि अंदाजाने जुन्या-नव्याची रांग लावून दिली. ती रांग मी वहीत उतरवून घेतली. ती बरोबर आहे की चूक हे मला अजून सिद्ध करता आलेलं नाही. पण वीस वर्षं त्या लूमशी बोलणाऱ्या माणसाला कुणी पहिल्यांदाच त्याचं मत विचारत होतं, हे मला त्या रात्री दिसलं.

कोसंबींकडे परत येऊ. नाण्यांचा क्रम लागला, पण ते राजे कोण? त्यासाठी पुराणं, बौद्ध आणि जैन ग्रंथ बघायला हवेत. म्हणजे संस्कृत-पाली आलं. संस्कृत त्यांनी एक पुस्तक धरून पक्कं केलं, भर्तृहरीची शतकं. पण छापील प्रती एकमेकींशी जुळेनात. झालं! देशभरातली हस्तलिखितं गोळा करायला घेतली. साडेतीनशेहून अधिक हस्तलिखितं तपासून १९४८ मध्ये त्यांनी भर्तृहरीच्या नावावरच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली. मूळचे कुठले श्लोक आणि मागाहून कुणी घुसडलेले कुठले, ह्याचा निवाडा केला. पुढे १९५७ साली प्रा. वि. वि. गोखले यांच्याबरोबर संपादित केलेला 'सुभाषितरत्नकोश' हार्वर्डच्या ग्रंथमालेत निघाला. म्हणजे भाषेचा गटही झाला. आणि कवी राजाच्या दरबारात अशी कविता का लिहितो, त्याला पोसणारा समाज कसा होता, असं विचारता विचारता ते इतिहासात शिरले. १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं त्यांचं मोठं पुस्तक आलं. ग्रंथपाल सरांनी मला दिलं होतं ते हेच. त्यात राजांच्या सनावळ्या शोधायला जाल तर निराश व्हाल. नांगर कधी आला, जंगल कुणी तोडलं, धान्य कोण पिकवत होतं आणि कोण नेत होतं, असे प्रश्न त्यात आहेत. ते मार्क्सवादी होते आणि हे त्यांनी कधी लपवलं नाही. त्यांच्या कित्येक निष्कर्षांवर पुढच्या अभ्यासकांनी वाद घातला, काही आता मागे पडले. पण प्रश्न विचारायची रीत मात्र राहिली.

एव्हाना ते फर्ग्युसन सोडून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले होते. होमी भाभांनी १९४५ साली संस्था काढली तेव्हा सुरुवातीलाच ज्यांना बोलावलं त्यांत हे होते. राहायला मात्र पुण्यातच. डेक्कन क्वीनने जा-ये. त्याच वाटेवर मळवलीजवळ कार्ल्याचा डोंगर लागतो, आणि तिथे पुन्हा माझी आणि त्यांची गाठ पडली.

आमच्याकडे आगरी-कोळ्यांची कार्ल्याच्या एकवीरा आईवर फार श्रद्धा. चैत्रात यात्रेला नारपोलीतून, आजूबाजूच्या गावांतून गाड्याच्या गाड्या निघतात. मी आजीचा हात धरून कितीदा तो डोंगर चढलोय. देवळाला लागूनच ते प्रचंड चैत्यगृह आहे, सुमारे ३८ मीटर लांब, दोन हजार वर्षांपूर्वी डोंगर पोखरून काढलेलं. आम्ही आईचं दर्शन घ्यायचो, बकऱ्याचं जेवण जेवायचो आणि उतरायचो. लेण्याकडे बघितलंय, पण ते कधी वाचलं नाही.

कोसंबींनी ते वाचलं. खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. कुणी वैजयंतीचा श्रेष्ठी, कुणी धेनुकाकट गावचा यवन, म्हणजे परदेशी वंशाचा, आणि एक चक्क आमच्या शेजारच्या सोपाऱ्याचा! सोपारा आणि कल्याण ही तेव्हाची बंदरं. माल बंदरात उतरायचा आणि घाट चढून वर जायचा. लेणी त्या वाटांच्या नाक्यांवर. भिवंडी ह्या दोन बंदरांच्या मधोमध आहे. म्हणजे आज जे ट्रक माझ्या घरासमोर हॉर्न वाजवत उभे असतात, त्यांचे पूर्वज बैल होते आणि वाट साधारण हीच! पण कोसंबी खांबांपाशी थांबले नाहीत. लेण्याशेजारी देवी का आहे, तिला कोळीच का मानतात, असंही त्यांनी विचारलं. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर, वाड्यावस्त्यांवर पायी हिंडून ते शेंदूर फासलेले दगड, म्हसोबा, वेताळ, मावल्या बघायचे, तिथल्या बायाबापड्यांशी बोलायचे आणि त्याच जागी अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं वेचायचे. त्यांना दिसलं की जुन्या वाटा जिथे मिळतात तिथे देवीची ठाणी आहेत आणि ती लेण्यांपेक्षाही जुनी असू शकतात. आमच्या भिवंडी तालुक्यात लोनाडला बौद्ध लेणं आहे आणि आत खांडेश्वरी देवी. तेही मी ह्यानंतरच डोळे उघडून पाहिलं.

बारशाला आपल्याकडे वरवंटा सजवून पाळण्याभोवती फिरवतात ना? आपण म्हणतो, पद्धत आहे. कोसंबींना त्या पाट्या-वरवंट्यात अश्मयुगापासून आलेला धागा दिसला. पोथीत ज्याचा उल्लेख नाही ते बायकांनी हजारो वर्षं जपून ठेवलेलं. १९६२ चं त्यांचं मिथकांवरचं पुस्तक अशा गोष्टींनी भरलेलं आहे.

आता कडू भाग. सहा खान्यांत हिंडायची किंमत असते आणि ती त्यांना चुकवावी लागली. संस्थेतल्या शुद्ध गणितवाल्यांना वाटायचं की हा माणूस दगडधोंड्यांत वेळ घालवतो. इतिहासवाल्यांना वाटायचं की हा गणिती उपरा आहे. स्वभावही तिखट, समोरच्याचं अज्ञान खपत नसे. त्यातच त्यांनी रीमानच्या सिद्धांतकल्पनेला हात घातला. मूळ संख्यांबद्दलचा हा १८५९ सालचा कूटप्रश्न, आजही न सुटलेला. कोसंबींनी तो संभाव्यतेच्या मार्गाने सोडवल्याचा दावा केला आणि १९५९ मध्ये तो छापला कुठे, तर कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. जाणकारांनी ती सिद्धता मान्य केली नाही. ती चूकच होती. शिवाय भारताने अणुऊर्जेवर भर देण्यापेक्षा सूर्याच्या उष्णतेचा उपयोग करावा असं ते जाहीरपणे मांडत होते. ते ज्या संस्थेत काम करत होते तिचे प्रमुखच देशाच्या अणुकार्यक्रमाचे प्रमुख! १९६२ साली त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. सौरऊर्जेचं राष्ट्रीय अभियान आपल्याकडे २०१० मध्ये सुरू झालं. त्या एका बाबतीत त्यांची नजर पन्नास वर्षं पुढे होती. रीमानच्या बाबतीत ते चुकले. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर ह्याला जयंतीचं भाषण म्हणतील.

नोकरी गेल्यावरही काम थांबलं नाही. १९६४ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद शास्त्रज्ञ म्हणून नेमलं. १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं पुस्तक लंडनहून निघालं. आणि २९ जून १९६६ रोजी पुण्याच्या राहत्या घरी झोपेतच ते गेले. वय ५८. २००८ साली त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं आणि गोव्यात त्यांच्या नावाने विचार महोत्सवही सुरू झाला.

आता ग्रंथपाल सरांच्या प्रश्नाचं उत्तर. मी यादी घेऊन गेलो. भूमिती, सिग्नल, जनुकं, नाणी, भर्तृहरी, कार्ले. म्हटलं, सर, कुठल्याच गटात बसत नाही. सर म्हणाले, यादी नीट बघ, हा माणूस विषय बदलत होता असं तुला वाटतंय का? मी पुन्हा बघितलं. संख्याशास्त्र कशाला तरी लावून बघावं म्हणून नाणी. नाणी कुणाची कळावं म्हणून ग्रंथ. ग्रंथ धड वाचता यावेत म्हणून हस्तलिखितं. ग्रंथात जे नाही ते कळावं म्हणून पायी हिंडणं. एकच प्रश्न पुढे पुढे चालला होता आणि वाटेत ज्यांची दारं लागली त्या विभागांची नावं आपण त्याला देत होतो. त्या हॉलमधल्या पोस्टरांत सारखं काय, तर एवढंच की प्रत्येकाने कुणी न मोजलेलं काहीतरी मोजलं होतं आणि आपलं मोजमाप चुकीचं असू शकतं हे तपासलं होतं. निदान तपासायला हवं होतं.

आमचे लूम दिवाळीनंतर गेले. गाळा आता एका गोडाऊनवाल्याला भाड्याने दिलाय आणि नारपोलीत आमच्या घरी रात्री शांत असतं. आईला अजून त्या शांततेत झोप लागत नाही. भंगारवाल्याने धोटे मोजलेच नाहीत, लाकडाला भाव नाही म्हणाला. ते सगळे माझ्या हॉस्टेलच्या खोलीत कॉटखाली खोक्यात आहेत, बाबांनी लावलेल्या रांगेच्या क्रमाने, नंबर टाकून. ह्या वेळी मी नव्या धोट्यापासून सुरुवात करणार आहे. एका ओळखीच्या गाळ्यात अजून शटलचे लूम चालू आहेत. तिथे तारीख टाकून एक धोटा लावायचा आणि दर रविवारी तोलायचा. मेकॅनिकलमधला कुणी झीज मोजायला, इलेक्ट्रॉनिक्समधला कुणी फेऱ्या मोजायचा सेन्सर बसवायला आणि संगणकवाला कुणी आलेख काढायला तयार असेल तर रूमवर या. 'आविष्कार'ला कुठल्या गटात नाव द्यायचं ते नंतर बघू.

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)